मुहूर्ताची सही

लातूर
५ एप्रिल २०२५

चि. मंजू,
शरणार्थ.

फोन केला तर तू म्हणालीस, "अण्णा, कराराचं बोलणं फोनवर नको. तू हो हो म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी विसरतोस. लिहून पाठव, मीही लिहूनच उत्तर देईन." वकिलाचा हुकूम म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाही, चुका पदरात घे.

सोबत सोळा पानं आहेत, सगळी इंग्रजीत. एका पूजा-साहित्याच्या कंपनीला आपली विभूती पाहिजे. त्यांचा विनोद नावाचा माणूस तीनदा येऊन गेला. मोठा गोड माणूस. भट्टीच्या बाहेर चपला काढतो, माझ्या अव्वाच्या, तुझ्या आत्याच्या, पाया पडतो. आजवर आपला माल लातूर, उदगीर, चाकूर सोडून पुढे गेला नाही. विनोद म्हणतो, गुरुपादप्पांचा ठसा आम्ही चार राज्यांत नेऊ. अप्पा असते तर खूश झाले असते.

तू लहानपणी सगळं पाहिलंयस, पण विनोदला पहिल्यापासून दाखवलं. गोवऱ्या, भट्टी, कपडछान केलेली राख, ओल्या वड्या, त्यावर अप्पांचा पितळी ठसा, नंदी आणि खाली 'गुरुपादप्पा, लातूर'. आणि शेवटी अव्वा. प्रत्येक घाण्यातली पहिली वडी अव्वा भिजवून स्वतःच्या कपाळाला लावते आणि दिवसभर ठेवते. कपाळ चुरचुरलं नाही तरच माल बाहेर. आपल्या घरची थोरली बाई हे आजीच्याही आधीपासून करत आली. विनोदने ते डायरीत उतरवून घेतलं. अव्वाला दोनदा विचारलं, "तुमच्यानंतर हे कोण करणार?" अव्वा हसून म्हणाली, "सून हाय की माजी."

मला एवढंच कळव, सही करू का नको. तीस तारखेला बसव जयंती आहे, त्या दिवशी व्हावी असं मनात आहे. घरच्या वकिलाला फी विचारायची आपल्यात रीत नाही. तुझ्या वहिनीने शेंगाच्या पोळ्या केल्यात, त्या पाठवतो.

तुझा
राजूअण्णा


नांदेड
२४ एप्रिल २०२५

राजूअण्णा,
शरणार्थ.

उशीर झाला. कोर्टात तारखांची गर्दी होती, हे वकिलाचं ठरलेलं उत्तर आहे, तेच देते. पोळ्या मात्र आल्या त्याच दिवशी संपल्या.

सोळा पानं वाचली. कलम सात नीट समजून घे. विनोद तुला सांगतो की ठसा वापरायला घेतोय. कागदात लिहिलंय की तू तो कायमचा देऊन टाकतोयस. घर भाड्याने देणं आणि घर विकणं यात जेवढा फरक, तेवढा यात आहे. सही केलीस की अप्पांचा नंदी त्यांच्या दावणीला. उद्या तूच त्या ठशाची वडी विकलीस तर चोर तू ठरशील.

कलम अकरा त्याहून वाईट आहे. विभूती कुठे बनवायची ते कंपनी ठरवणार. तुझ्याच भट्टीत बनेल असं कुठेही लिहिलेलं नाही. पण ती खराब निघाली तर जबाबदारी कोणाची, ते मात्र ठळक लिहिलंय. तुझी. म्हणजे हात त्यांचे आणि मान तुझी.

मी समासात लाल शाईने दुरुस्त्या केल्यात. विनोदला त्या सगळ्या घालून नवी प्रत टाईप करायला सांग. ती माझ्याकडे येऊ दे. मी वाचेन, मग प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या छोट्या सह्या आणि शेवटी मोठी. तोवर कागदाला पेनाचा ठिपकाही लावायचा नाही. बसव जयंती पुढच्या वर्षीही येते.

ठशाची सरकारी नोंदणी केली आहेस का? नसेल तर त्याचे कागद लगेच पाठव. आत्याला नमस्कार सांग.

मंजू


लातूर
३ मे २०२५

चि. मंजू,
शरणार्थ.

तुझं पत्र अठ्ठावीसला मिळालं. विनोद आला तेव्हा लाल शाई त्याच्यापुढे ठेवली. त्याने सगळी पानं वाचली आणि म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. अशी वकील घरात पाहिजे." सगळं बदलून आणतो म्हणाला. तेव्हा आता फिकीर नको.

बसव जयंती छान झाली. मुहूर्त साधला. अव्वाने गव्हाची गोड हुग्गी केली होती, विनोदने दोनदा मागून घेतली. त्याने फोटोवाला आणला होता. भट्टीपुढे सगळ्यांना ओळीत उभं केलं. तुझ्या सुकन्यावहिनीने नवं इरकल नेसलं होतं, आमची उज्वला सुट्टीला आलेली, तीही आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. अव्वाचा एकटीचा फोटो काढला, कपाळाला वडी लावताना.

ठसा माप घ्यायला नेलाय. आठवड्यात परत देतील. नोंदणीचं अप्पांनी कधी केलं नव्हतं, मीही नाही. बघू आता.

राजूअण्णा


नांदेड
८ मे २०२५

राजूअण्णा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. मुहूर्त साधला म्हणजे नेमकं काय केलं? फोटो आणि हुग्गी एवढंच, की आणखी काही? कोणत्या कागदावर कोणाकोणाची सही झाली? सरळ लिही. मी रागावले तरी चालेल, मला अंधारात ठेवू नकोस.

मंजू


लातूर
२६ मे २०२५

चि. मंजू,

तुझ्यापुढे खोटं बोलणं जमत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलंच नाही.

या धंद्यात उतरण्याआधी मी पंधरा वर्षं मार्केट यार्डात आडतीवर काढली, हे तुला मालूम आहे. दिवाळी पाडव्याला तिथे मुहूर्ताचा सौदा होतो. सोयाबीनचं एक पोतं, आणि भाव आभाळाला भिडलेला. त्या भावाने दुसरं पोतं कोणी मागत नाही. तो सौदा देवाच्या नावाचा. खरा सौदा दुसऱ्या दिवसापासून. विनोद म्हणाला, "राजशेखरजी, मॅडमच्या दुरुस्त्या व्हायच्या तेव्हा होतील. मुहूर्त कशाला वाया घालवायचा? आज शेवटच्या पानावर सह्या करू. बाकीची पानं मॅडम पास करतील तशी मागून जोडू." मला ते अगदी पाडव्यासारखं वाटलं.

त्या पानावर करार असा काही नव्हताच. वर एक ओळ होती, वाचून समजून सह्या केल्या, आणि खाली जागा. मी केली. अव्वाने केली. तिची कशाला म्हणशील, तर घाणा तपासणारी म्हणून तिचा मान पहिला, असं विनोद म्हणाला. अव्वाने सहीच्या आधी पानाला विभूतीची तीन बोटं ओढली.

तू ठिपकाही लावू नको म्हणाली होतीस. पण ही खरी सही नव्हे असं मी धरून चाललो. ठसा अजून परत आलेला नाही.

राजूअण्णा


नांदेड
२९ मे २०२५

राजूअण्णा,

पाडव्याच्या पोत्याला अख्खा यार्ड उभा असतो आणि तिथल्या प्रत्येकाला रीत ठाऊक असते. कोर्टाला ती रीत ठाऊक नाही. कोर्ट सही बघेल, आणि सही खरी आहे. तू करार न बघता त्याच्या शेवटी सही केलीस आणि आत्याचीही करवलीस. आता पुढे कोणतीही पानं जोडली तरी ती तुम्ही वाचून समजून मान्य केलीत असं ते म्हणतील. मला फार भीती वाटते आहे, हे तुला स्पष्ट सांगते.

सोबत एक पत्र तयार करून पाठवलंय. पानं जोडलेली नसताना सह्या घेतल्या, त्यामुळे आम्हाला काहीही बंधनकारक नाही, ठसा परत करा, असा मजकूर आहे. त्यावर तू आणि आत्या सही करा आणि हे पत्र मिळेल त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा. पावती मला पाठव. त्यांची पक्की प्रत यायच्या आत हे पोहोचलं तर आपल्याला तोंड उघडायला जागा राहील. मागून पोहोचलं तर ते म्हणतील, आता पस्तावा झालाय.

उद्या नको. त्याच दिवशी.

मंजू


लातूर
२० ऑगस्ट २०२५

चि. मंजू,

तू तीन महिन्यांत चारदा फोन केलास. सुकन्याने एकदा सांगितलं की मी किल्लारीला गेलोय. मी घरातच होतो.

तुझं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. पोस्टाच्या पायरीपर्यंत नेलं होतं. तेवढ्यात विनोदचा फोन आला. श्रावणासाठी गाडी पाठवतोय, माल तयार ठेवा, अव्वांचे गुडघे कसे आहेत, असं सगळं आपुलकीने विचारलं. मला वाटलं, एवढ्या भल्या माणसाला फसवलं म्हणून कसं लिहायचं? पाकीट घरी आणलं आणि देवघरात अप्पांच्या फोटोमागे ठेवलं. जूनमध्ये करार आला. सोळाची बावीस पानं झाली आहेत. कुरियरवाल्याच्या वहीत मिळाली म्हणून सही केली आणि तीही फोटोमागे ठेवली.

श्रावण संपत आला, गाडी आली नाही. विनोद फोन घेत नाही. माल भट्टीपाशी पडून आहे.

गेल्या आठवड्यात नायगावच्या एका ओळखीच्या दुकानदाराने एक पाकीट पाठवलं. माल झकास निघालाय म्हणून अभिनंदन करायला. त्यावर आपला नंदी, खाली अप्पांचं नाव. मागे अव्वाचा फोटो आणि छापलंय, 'दानम्मा आजींच्या कपाळावर तपासलेली'. नायगावला आपण आजवर एक वडी पाठवलेली नाही. आतली वडी पांढरीफेक, खडूसारखी. तिला भट्टीचा वास नव्हता, औषधाच्या दुकानासारखा वास होता.

मी ते पाकीट कपाटात टाकलं. ते अव्वाच्या हाती लागलं. ठसा बघून तिला वाटलं नवा घाणा आहे, मी सांगायला विसरलो. नेहमीसारखी भिजवली आणि लावली. संध्याकाळी तिन्ही पट्टे लाल झाले. दुसऱ्या दिवशी फोड आले. डॉक्टरांनी मलम दिलंय, महिनाभर कपाळाला काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय. अव्वा मला सारखी विचारते, "राजू, ह्यो घाणा कंदी काढला?" मी उठून भट्टीकडे निघून जातो.

बावीस पानं पाठवतो. आता तरी वाच आणि काय ते सांग. मला काही सुचत नाही.

राजूअण्णा


नांदेड
२४ ऑगस्ट २०२५

राजूअण्णा,
शरणार्थ.

पानं मिळाली त्याच दिवशी वाचली. माझी एकही दुरुस्ती त्यात नाही. सात आणि अकरा जशीच्या तशी आहेत. सहा पानं नवी आहेत आणि ती तुझ्या बोलण्यातून तयार झाली आहेत.

कलम एकोणीस सांगतं की ठसा असलेला प्रत्येक घाणा दानम्मा यांनी कपाळाला लावून तपासला असं समजलं जाईल. तपासला नसला तरी. वीस सांगतं की कोणाला इजा झाली तर तपासणारी व्यक्ती जबाबदार. एकवीस मी तीनदा वाचलं. आत्याला वय, आजार किंवा मृत्यूमुळे हे काम जमेनासं झालं, किंवा तिने नकार दिला, तर घराण्यातली पुढची थोरली स्त्री आपोआप तिच्या जागी येईल, आणि तिच्यानंतर तिच्या पुढची. वेगळ्या सहीची गरज नाही. मुदत पंधरा वर्षं. तुमच्यानंतर कोण, हे विनोद दोनदा का विचारत होता ते आता तुला कळलं असेल. आपल्या घरातली सगळ्यात पवित्र रीत होती, आणि आपण ती पाहुणचारात वाढून दिली.

तू लपवलंस म्हणून तुला बोलायला माझं तोंड नाही. मीही लपवलंय. तुझी सोळा पानं मी पंधरा दिवस उघडलीच नव्हती. घरचं काम, फी नाही, बघू सावकाश, म्हणून ते पाकीट पोळ्यांच्या रिकाम्या डब्याखाली पडून होतं. परक्या अशिलाचं असतं तर तीन दिवसांत वाचलं असतं आणि तीस तारखेला लातुरात तुझ्या शेजारी बसले असते. याची मला लाज वाटते.

आता असं करू. आत्याने लिहून द्यायचं की मी कंपनीचा एकही घाणा तपासून दिलेला नाही, देणार नाही, माझं नाव वापरू नका. कागद सोबत आहे. एकवीस सही न केलेल्या बाईवर चालणार नाही, असं मी धरून चालते. मी लातूरच्या कोर्टात दावा लावते. त्यात वेळ जाईल, आणि जिंकू अशी खात्री मी देत नाही. ठशाची नोंदणी त्यांनी जूनमध्येच स्वतःच्या नावाने मागितली आहे, तेही शोधून काढलं.

आत्याला सगळं सांग. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन.

मंजू


लातूर
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

मंजू बाळा,

सुकन्या लिवायली, म्या सांगायले. ती नीट लिवती, पर म्या म्हनलं जसं बोलते तसंच लिव.

राजूनं समदं सांगितलं. लई रडला. म्या रागावले न्हाई. त्या पानाला विभूती म्याच ओढली व्हती, मंग त्याला कामून बोलू?

लगीन होऊन आले तवा सासूबाईनं पयला घाणा माज्या कपाळाला लावला. म्हनाल्या, दानम्मा, लोकायला फसवायचं आसंल तर आधी सोताला फसवावं लागंल, म्हून हे करायचं. तवापासून माजं कपाळ खोटं बोललं न्हाई. आता कोन्या गावची बाई माजा फोटू बघून लेकराला ती राख लावंल. फोड आला की मला शिव्या देईल. तिचं बराबर हाय.

तुज्या कागदावर सही केली. या बारीनं सुकन्यानं दोनदा वाचून दाखिवला, मंगच केली. भट्टी थांबिवली हाय. ठशाबिगर वड्या काढाव्या म्हनलं तर राजू म्हनतो त्याला बी बंदी लिवलीय.

आज सोमवार. कपाळ मोकळं ठिवून लिंगपूजा केली. जलमात पयल्यांदा. डाक्टरनं सांगितलं म्हून न्हवं. घरात आता भरवशाची राखच न्हाई. देवाला म्हनलं, वळख ठिव माजी.

तुजी आत्या


लातूर
४ मार्च २०२६

मंजूवन्सं,
शरणार्थ.

हे पत्र तुमच्या अण्णांना न सांगता लिहिते आहे. पुढची तारीख एप्रिलची पडली, हे तुमच्या फोनवरून कळलं. हे हल्ली सकाळी उठून विझलेल्या भट्टीपाशी जाऊन बसतात. अव्वांचं कपाळ भरून आलंय, पण तीन पट्ट्यांच्या जागी डाग राहिलेत. लांबून बघणाऱ्याला विभूती लावल्यासारखंच दिसतं. त्या आरशात बघत नाहीत.

काल दोन टपालं आली. दोन्ही मीच घेतली.

पहिली वकिलाची नोटीस. शिवरात्रीला एका गावच्या यात्रेत अकरा मुलांच्या कपाळाला फोड आले, एका मुलीच्या डोळ्यात राख गेली आणि तिला अजून त्या डोळ्याने नीट दिसत नाही. तिचं वय सहा लिहिलंय. नोटीस अव्वांच्या नावावर आहे. सोबत कंपनीने त्या मुलीच्या वडिलांना पाठवलेल्या उत्तराची प्रत आहे. त्यात म्हटलंय की आमचा माल गुरुपादप्पा घराणं तपासून देतं, तरी त्यांच्याकडे विचारणा करावी. तो बाप नोटीस पाठवतो यात त्याचं काही चुकलं नाही. पत्ता आहे, मला वाटतं मी त्याला भेटून यावं. तुम्ही नको म्हणाल तर थांबते.

दुसऱ्या टपालात एक डबा होता. वर विनोदचं पत्र, शुद्ध मराठीत. अव्वांची प्रकृती आणि त्यांचं नकाराचं पत्र लक्षात घेऊन कलम एकवीसप्रमाणे बदल केला आहे, नव्या जबाबदारीबद्दल आपलं अभिनंदन, असं लिहिलंय. डब्यात नवी पाकिटं होती. पुढे आपला नंदी. मागे माझा फोटो. खाली छापलंय, 'सुकन्या वहिनींच्या कपाळावर तपासलेली'.

मी कुठेही सही केलेली नाही, वन्सं. मुहूर्ताच्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, फक्त फोटोपुरती बाहेर आले. अंगावर तेच इरकल आहे.

ह्यांना पाकीट दाखवायचा धीर होईना. देवघरात गेले आणि अप्पांच्या फोटोमागे ठेवलं. वळले, आणि पुन्हा जाऊन काढलं. तिथे ठेवून काय होतं ते आपण पाहिलंय. नोटीस, पत्र आणि पाकीट तिन्ही सोबत पाठवते. पाकीट कोर्टात दाखवायला ठेवा, घरात कोणाच्या हाती लागू देऊ नका.

आणि त्यावरचा माझा फोटो नीट बघा. आजूबाजूचे सगळे त्यांनी सफाईने कापून काढलेत. भट्टी नाही, अव्वा नाहीत, हे नाहीत. फक्त माझ्या डाव्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा ठेवलाय. तो माझ्या उज्वलाचा आहे.

सुकन्या